५८ सीसीची बिननावाची चेनसॉ: सरपणाला घ्या, झाडावर नेऊ नका

या मशीनला धड नाव नाही. रंग केशरी, लाल नाहीतर हिरवा, अंगावर कुठलंतरी दणदणीत इंग्रजी नाव, बाजूला ठळक '५८ सीसी' आणि पुढे २२ इंची पट्टी, जिच्याभोवती चेन फिरते. डब्यात मशीन, पट्टी, चेन, एक पाना, एक कानस, पेट्रोल-ऑइल मिसळायची प्लास्टिकची बाटली आणि कुणालाच न कळणारं माहितीपत्रक. सहा ते नऊ हजारांत ऑनलाइन मिळते, तालुक्याच्या शेती अवजारांच्या दुकानातही मिळते. कोकणात लाकूडतोडीच्या टोळीबरोबर आता एखादी तरी दिसतेच, कारण नामांकित कंपनीची एवढ्याच ताकदीची मशीन घ्यायची तर कित्येक पट पैसे मोजावे लागतात.

आमचं मत आधीच सांगतो. खाली पाडलेल्या लाकडाचे तुकडे करायला, बागेतली वठलेली कलमं काढायला, सरपण पाडायला घ्या. पैसे फुकट जाणार नाहीत. झाडावर चढून फांद्या उतरवायला ही मशीन अजिबात नको. आणि मशीन 'स्वस्त' आहे म्हणून घेत असाल तर खालचा हिशेब करून मगच घ्या.

दिवसभराच्या कामाला तीन लीटर पेट्रोल धरा. लीटरचा भाव शंभराच्या वर आहे, म्हणजे सव्वातीनशेच्या घरात. लीटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, म्हणजे दिवसाला १२० मिली, चाळीस-पन्नास रुपये. पेट्रोलची टाकी ५५० मिलीची आणि चेन ऑइलची २६० मिलीची. दोन्ही साधारण एकदम संपतात, संपायलाच हव्यात. तीन लीटर पेट्रोल म्हणजे साडेपाच टाक्या, म्हणजे चेन ऑइल जवळजवळ दीड लीटर. बरं तेल दोनशे-अडीचशे रुपये लीटर धरलं तर हा खर्च पेट्रोलच्या शेजारी येऊन बसतो. त्यात चेनची आणि कानशीची झीज धरली की दिवसाचे सातशे-आठशे. दहा-बारा दिवसांत मशीनच्या किमतीएवढा पैसा तेला-पेट्रोलात गेलेला असतो. त्यामुळे दुकानात पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करण्यात अर्थ नाही. तो तास चेन घासायला शिकण्यात घालवा.

आता डब्यावरच्या आकड्यांबद्दल. ५८ सीसी लिहिलेल्या बऱ्याच मशीनमध्ये पिस्टन ४५.२ मिमीचा असतो आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३४ मिमीची. पिस्टनच्या तोंडाच्या क्षेत्रफळाला स्ट्रोकने गुणलं की साडेचौपन्न सीसी निघतात. ताकद कुणी चार हॉर्सपॉवर छापतो, कुणी सहा. खरी ताकद तीन ते साडेतीन हॉर्सपॉवरच्या आसपास असते. पट्टी, चेन नसलेली मशीन साडेपाच किलोच्या आसपास, सगळं चढवून टाक्या भरल्या की सात-साडेसात. हे आकडे वाईट नाहीत. सरपणाच्या कामाला एवढी ताकद पुरते. फक्त २२ इंची पट्टी एवढ्या इंजिनाला जड जाते, आणि पुढची बरीचशी दुखणी तिथूनच सुरू होतात.

म्हणून पहिला बदल पट्टीचा करायचा. १८ इंची पट्टी आणि ७२ कड्यांची चेन बसवा. (कड्या म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या.) २२ इंचीला ८६ कड्या लागतात, २० इंचीला ७६. चेन घेताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगा: पिच (चेनच्या जोडांमधल्या अंतराचं माप) ०.३२५ इंच, गेज (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) ०.०५८ इंच आणि कड्यांची संख्या. 'अठरा इंची द्या' एवढंच सांगितलंत तर ०.०५० गेजची चेन हातात पडू शकते. ती खाचेत बसते, पण डुगडुगते, आणि काप तिरका जातो. १८ इंचीने इंजिनावरचा ताण कमी होतो, चेनचा वेग टिकतो, तेल टोकापर्यंत पोचतं. दोन फुटी बुंधा आला तर दोन्ही बाजूंनी कापा. तीन फुटी चिंचेचं खोड रोज कापायचं असेल तर मशीनच वेगळी लागेल.

चेनबद्दल जरा विस्ताराने, कारण 'मशीन ओढत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा चेनची असते. भुसा बघा. धारदार चेन जाडसर, लांब कपच्या टाकते. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला की धार गेली. मग माणूस मशीनवर अंगाचा भार टाकतो, पट्टी तापते, तेल जळतं आणि दोष इंजिनाला लागतो. या चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते. डब्यातली कानस चार दिवसांत गुळगुळीत होते, ती फेकून चांगली घ्या. दाताच्या माथ्यावर ३० अंशाची रेघ असते, त्या कोनात कानस धरायची, आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच घाव: याला तीन तर त्याला तीन. एका बाजूचे दात लहान आणि दुसऱ्या बाजूचे मोठे झाले की काप चंद्रकोरीसारखा वळतो आणि पट्टी अडकते. ८६ कड्यांच्या चेनला ४३ दात असतात, म्हणजे एका बाजूला २२ आणि दुसऱ्या बाजूला २१. त्यामुळे एका जागी एकाच बाजूचे दोन दात लागोपाठ येतात. तो कारखान्याचा दोष नाही. घासायला सुरुवात तिथूनच करा, फेरी कुठे संपली ते कळतं.

दातापुढे जो बुटका खुंट असतो तो दात किती खोल घुसेल ते ठरवतो. दात घासून खाली गेला की खुंट उंच राहतो, आणि दात कितीही धारदार असला तरी लाकूड पकडत नाही. चार-पाच वेळा धार लावून झाली की चपट्या कानशीने खुंट दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली आणायचा. जास्त खाली नेलात तर चेन लाकडात कचकन घुसते, हिसका देते, इंजिन दबतं. मापाची पट्टी मिळते, स्वस्त आहे, अंदाजाने करू नका.

कोकणात चेन बोथट व्हायचं मुख्य कारण लाकूड नसतं, जांभा असतो. ओंडका थेट जमिनीवर ठेवून कापला आणि शेवटच्या इंचाला टोक कातळाला लागलं, की सगळ्या दातांची धार एका क्षणात जाते. ओंडक्याखाली दोन आडवी लाकडं घाला, किंवा पाऊण भाग कापून ओंडका फिरवा. चिखलातून ओढून आणलेल्या खोडाची साल कोयत्याने खरवडून घ्या. दुसरा शत्रू तार आणि खिळे. बांधावरच्या काजूला, आंब्याला कुंपणाची तार कधीकाळी ठोकलेली असते, खोड तिला गिळून वाढतं, बाहेरून काही दिसत नाही. सालीवर आडवी फुगीर कड किंवा निळा-काळा डाग दिसला तर तिथे कापू नका. रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे छातीच्या उंचीवर असतात. माड कापणाऱ्यांना सांगायला नको. माडाच्या खोडाची बाहेरची फळी चेन खाते. सागाच्या लाकडातही वाळूसारखा अंश असतो, तिथेही धार लवकर जाते. अशा कामाला दोन चेन बरोबर ठेवा आणि कापायच्या जागी धार लावत बसण्याऐवजी चेन बदला.

चेन ऑइलच्या जागी जळकं ऑइल, म्हणजे गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल. यावर वाद घालायला कुणालाच आवडत नाही, कारण गॅरेजमधून ते फुकट मिळतं आणि वरचा हिशेब पाहिला तर दिवसाला तीनशे रुपये वाचतात. पण त्या तेलात इंजिनाच्या झिजेचं लोखंड आणि काजळी असते. या मशीनचा ऑइल पंप लहान, त्याला फिरवणारं गियर प्लास्टिकचं. काजळीने जाळी भरते, तेल येईनासं होतं, पट्टी निळी पडते. पट्टी आणि चेन दोन्ही लवकर गेल्या की वाचवलेले पैसे परत दुकानात. शिवाय ते तेल उडून हातावर, कपड्यांवर, तोंडावर बसतं आणि कातडीला ते वाईटच. नवं २०डब्ल्यू-४० किंवा एसएई ३० इंजिन ऑइल वापरा, महाग डब्यातलं खास चेन ऑइलच हवं असं नाही. तेल येतं की नाही ते बघायला पट्टीचं टोक पांढऱ्या कागदापासून वीतभर लांब धरून रेस द्या. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पट्टी दर वेळी उलटी करून बसवा, खाच पत्र्याच्या तुकड्याने साफ करा, तेलाचं भोक काडीने मोकळं करा.

पेट्रोलचं गणित गेल्या काही वर्षांत बदललंय. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि या मशीनमधली रबरी नळी व कार्ब्युरेटरचा पडदा त्याने कडक होतो. मिश्रण महिनाभर कॅनमध्ये राहिलं तर ते वापरू नका. पावसाळ्यात मशीन टांगून ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. मिश्रणाचं प्रमाण लीटरला ४० मिली, पंचवीसास एक. कंपनीच्या मशीनला पन्नासास एक चालतं म्हणून इथेही वीस मिली घालणारे आहेत, आणि पिस्टन-सिलिंडरचा संच विकणारे त्यांच्यावर खूश आहेत. मोटरसायकलच्या चार-स्ट्रोक इंजिनाचं तेल पेट्रोलात घालायचं नाही. ते नीट जळत नाही, प्लग काळा करतं.

इथेनॉलमुळे मिश्रण आपोआप थोडं 'सुकं' होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून दुकानातून आलेलं सेटिंग बहुतेक वेळा सुधारावं लागतं. कार्ब्युरेटरवर एल (कमी वेगासाठी) आणि एच (पूर्ण वेगासाठी) असे दोन स्क्रू असतात. दोन्ही हलक्या हाताने पूर्ण बंद करून साधारण सव्वा फेरा उघडा, मशीन गरम करा आणि मग जुळवा. एल असा ठेवा की आयडलला मशीन स्थिर राहील आणि रेस दिल्यावर अडखळणार नाही. आयडल ३००० आरपीएमच्या आसपास, चेन फिरता कामा नये. एचची परीक्षा कानाने होते: मोकळी असताना पूर्ण रेसला आवाज किंचित घोगरा, फडफडता हवा, आणि लाकडात घुसली की तोच आवाज साफ व्हायला हवा. मोकळ्या हवेतच सणसणीत, शिट्टीसारखा आवाज येत असेल तर खूश होऊ नका. पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे ऑइलही कमी पडतंय, आणि पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने घासून जाम होणार. एच आठवा भाग फेरा उघडा. नव्या मशीनला पहिल्या चार-पाच टाक्या उगाच पूर्ण रेस देत उभं राहू नका.

काय काय बिघडतं? सगळ्यात आधी स्टार्टर. दोरी तुटते किंवा आतली प्लास्टिकची खिट्टी झिजते. दोन्ही स्वस्त आणि पाच मिनिटांची कामं. दोरी शेवटपर्यंत खेचून सोडून न देता हाताबरोबर परत जाऊ द्या, आयुष्य दुप्पट होईल. मग सायलेन्सरचे बोल्ट. थरथरीने ढिले होतात, पडतात, गरम धूर प्लास्टिकवर येतो. पहिल्या दोन टाक्यांनंतर पुन्हा आवळा. मग ऑइल पंपाचं ते प्लास्टिक गियर: ओंडक्यात पट्टी अडकली आणि तुम्ही तशीच रेस देत राहिलात, की क्लच घसरून ड्रम तापतो आणि आतलं गियर वितळतं. ओंडका दोन्ही टोकांवर टेकलेला असेल तर वरची बाजू दाबली जाते, म्हणून आधी वरून एक तृतीयांश, मग खालून वर. एका टोकावर लोंबत असेल तर उलट. अडकलीच तर इंजिन बंद करा आणि पाचर मारा. हे गियर बदलायला क्लच काढावा लागतो आणि त्याचे आटे उलटे असतात: घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. प्लगच्या भोकातून दोरीचा तुकडा आत सोडून पिस्टन अडवा, मग पाना लावा. उलट दिशेने जोर लावून क्लच फोडलेले नग कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात पडलेले दिसतील.

सगळ्यात महागडा बिघाड मात्र कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधल्या जोडनळीचा. तिला बारीक चीर गेली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण सुकं पडतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: रेस सोडली तरी मशीन लगेच खाली येत नाही, आयडल वर-खाली होतं, मशीन तिरपी केली की आवाज बदलतो. असं दिसलं की काम थांबवा. नळी दोनशे रुपयांच्या आतबाहेर, पिस्टन-सिलिंडरचा संच हजाराच्या पुढे. एअर फिल्टर रोज झटका, सुक्या आकेशियाचा भुसा असेल तर दुपारीही. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी. सुट्या भागांबद्दल मात्र या मशीनला पूर्ण गुण. नाव कुठलंही असो, आतला साचा बराचसा एकच, त्यामुळे एकीचा कार्ब्युरेटर दुसरीला बसतो, आणि बंद पडलेली जुनी मशीन सुट्या भागांसाठी ठेवली की वर्षभर पुरते. महागड्या मशीनच्या भागासाठी कधीकधी आठवडा थांबावं लागतं; टोळीची आठवड्याची मजुरी बुडण्यापेक्षा हे बरं.

झाडावर का नको, ते सांगतो. सात किलो वजन, मागचं हँडल लांब, आणि दोन्ही हातांनी धरल्याशिवाय ताबा नाही. झाडावर एक हात फांदीला असतो. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग दुसऱ्या फांदीला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. पुढचा चेन ब्रेक त्यासाठीच असतो, पण स्वस्त मशीनमध्ये त्याचा पट्टा किती पकडतो हे नगानुसार बदलतं. रोज सकाळी तपासा: मशीन जमिनीवर घट्ट धरून रेस द्या, मनगटाने ब्रेक पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबत नसेल तर ती मशीन वापरायची नाही. फांद्यांना कोयता, हातकरवत किंवा खास छाटणीची मशीन. आणि वीजतारेजवळची फांदी असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही, मग ओलं लाकूड असो की सुकं.

मशीनचा आवाज आणि धूर हा झाडावरच्या जिवांसाठी मोठा प्रकार आहे, आणि त्यातले काही जीव त्याचा हिशेब लगेच चुकता करतात. बेहडा, सावर, सातवीण अशा उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. दोरी ओढण्यापूर्वी झाडाला पूर्ण फेरी मारून वर बघा. शेजारच्या झाडावर मोहोळ असलं तरी दुसरं काम काढा. पोकळ बुंध्यात गांधीलमाश्या, सरपणाच्या जुन्या ढिगात घोणस किंवा मण्यार, कातळावरच्या रचलेल्या लाकडाखाली फुरसं. ओंडका खालून हात घालून उचलायचा नाही, आधी पहारीने उलटवायचा. बिब्ब्याचं झाड कापायला आलं तर नको म्हणा. चीक तर सोडाच, उडालेल्या भुशानेही अंगावर फोड येतात. काजूच्या लाकडाचा रसही नाजूक कातडीला सोसत नाही.

धनेश पक्ष्याबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे तोड पावसानंतर ते मे अखेरपर्यंत चालते, आणि धनेशाची वीण साधारण फेब्रुवारी ते मे. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि मातीने तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला व पिलांना भरवतो. ते झाड पाडलं की आतली मादी आणि पिलं गेलीच. ढोलीखाली विष्ठा आणि फळांच्या बियांचा सडा पडलेला असतो, वर लिंपलेली उभी फट दिसते. असं दिसलं की ते झाड जूनपर्यंत सोडा. धनेश वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, त्यामुळे भुर्दंडाची भाषा कळणाऱ्या मालकाला तेवढं सांगितलं तरी पुरतं. काटक्यांचा मोठा गोळा दिसला तर तो शेकरूचा असू शकतो.

लाकूड कुठलं आणि पैसे किती सुटतात यावर ही मशीन परवडते की नाही ते ठरतं. आकेशिया आणि सुरू ही या मशीनची लाकडं: सरळ, फूट-सव्वा फुटी बुंधे, जळायला उत्तम, गिऱ्हाईक हमखास. रायवळ आंबा कापायला हलका, पण धुरकट जळतो, भाव कमी. स्मशानासाठी मात्र विचारणा असते. पांगारा, सावर यांना सरपणात किंमत नाही, पेट्रोल वाया घालवू नका. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं, म्हणून टनावर विकणारा ताजं लाकूड काट्यावर नेतो आणि शहाणं गिऱ्हाईक सुकं मागतं. सुकं विकायचं असेल तर तुकडे करून फोडी आधीच पाडा. अख्खा ओंडका पावसाळा आला तरी आत ओलाच राहतो. वीटभट्टीला लांब तुकडे चालतात, घरच्या चुलीला हातभर. कापांची संख्या दुप्पट झाली की पेट्रोलही दुप्पट, म्हणून भाव ठरवताना तुकड्याची लांबी आधी विचारा. मुंबईच्या बेकऱ्यांवर भिस्त ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडायला सांगितल्यापासून ते गिऱ्हाईक आटत चाललंय. फळ्या पाडायला ही मशीन वापरणारेही आहेत. प्रत्येक कापात सात-आठ मिलीमीटर लाकडाचा भुसा होतो आणि इंजिन सतत पूर्ण भारावर राहतं. चांगल्या फणसाचं लाकूड असं नासवू नये.

परवानगीचं थोडक्यात. १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोड विनियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह अशी झाडं आहेत. झाड मालकाच्या जमिनीत असलं तरी परवानगी लागते. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आणि पालिकेचा वृक्ष अधिकारी. वाहतुकीचा पास लागतो की नाही ते झाडाच्या जातीवर ठरतं. कागद मालकाने आणायचा, आणि तो बघितल्याशिवाय दोरी ओढायची नाही, कारण पकडल्यावर मालक नाही, मशीन आणि गाडी जप्त होते.

दुकानात घेताना डबा तिथेच उघडून घ्या. थंड मशीन चोक ओढून, पंपाचा फुगा पाच-सहा वेळा दाबून, तीन-चार ओढींत 'फट' करायला हवी. मग चोक आत, पुढच्या दोन ओढींत चालू. नाही झाली तर दुसरा नग मागा. चेन ब्रेक तपासा, तेलाची रेघ कागदावर बघा, पट्टीचे दोन्ही नट आवळून बघा, आटे तिथेच गेलेले असतात. वॉरंटी म्हणून जे काही तोंडी सांगतात ते बिलावर लिहून मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. नामांकित कंपनीच्या रंगाची आणि जवळजवळ त्याच नावाची मशीन निम्म्या किमतीत देऊ केली तर ती याच साच्यातली असते, जास्त पैसे देऊ नका.

वापरलेली घेत असाल तर सायलेन्सर काढायला लावा आणि प्लग काढून दोरी हळूहळू ओढत सायलेन्सरमागच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. अंग गुळगुळीत, चकचकीत असेल तर निम्मी किंमत द्यायला हरकत नाही. उभ्या चरा दिसल्या तर ती मशीन हजार रुपयांच्या वर घेऊ नका, तीसुद्धा सुट्या भागांसाठी.